निंदणीपासून तणनाशकसहिष्णु बियाण्यापर्यंत



वसंतातल्या व्याख्यानाला तण हा विषय कोणास रुक्ष वाटण्याचा संभव आहे. नगरात राहणाऱ्या आपणांस तणाचा परिचय होतो तो पावसाळ्यात अंगणात माजणाऱ्या गवतापुरता. परंतु शेतकऱ्याच्या वर्षाचा हिशेब मांडला, तर पेरणी आणि काढणी ह्यांच्यामध्ये जे श्रम होतात आणि जो रोख पैसा हातातून जातो, त्याचा फार मोठा वाटा ह्या एका शत्रूच्या नावावर पडतो. कापसासारख्या पिकाचे पहिले सहा-आठ आठवडे तणाने खाल्ले, तर पुढे कितीही खत-पाणी घातले तरी गेलेले उत्पन्न परत येत नाही.

तण काढण्याच्या कामाला आपल्या महाराष्ट्रात एकच एक नाव नाही. विदर्भात निंदण म्हणतात, पुणे-नाशिककडे खुरपणी, सातारा-कोल्हापूरकडे भांगलण, कोकणच्या भातात बेणणी. बैलाच्या अवजाराने ओळींमधले तण काढावयाचे ती कोळपणी. वऱ्हाडात तीच डवरणी. ज्या कामाला प्रांताप्रांतांत निराळे नाव आहे, ते काम किती जुने व सार्वत्रिक असेल ह्याची कल्पना करावी. बैलाचे काम पुरुषांकडे असते. खुरपे मात्र बव्हंशी स्त्रियांच्या हातात असते. दिवसभर वाकून किंवा उकिडवे बसून केलेल्या ह्या कामावर शेकडो पिढ्यांचे अन्न पिकले आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात आखूड दांड्याच्या कुदळीने असेच काम मजुरांकडून करून घेत असत. त्याने मजुरांच्या पाठी कायमच्या निकामी होतात असे डॉक्टरांनी सांगितले आणि १९७५ साली त्या अवजारावर बंदी आली. तेव्हा निंदणी हा शेतीचा प्रश्न आहे तसा तो माणसाच्या पाठीच्या कण्याचाही प्रश्न आहे. ही गोष्ट लक्षात ठेवूनच पुढचा इतिहास ऐकावा अशी माझी विनंती आहे.

औषध पिकाला शोधी, तो काळ

हे श्रम कमी करण्याचे प्रयत्न जुने आहेत. इंग्लंडमध्ये जेथ्रो टल ह्याने घोड्याने ओढावयाच्या कोळप्याचा पुरस्कार करणारा आपला ग्रंथ १७३१ साली प्रसिद्ध केला. पेरणी ओळींत झाली तरच जनावर ओळींमधून चालू शकते, हे त्याचे म्हणणे आज साधे वाटते, परंतु त्या काळी ते नवे होते. रसायनाचा मार्ग त्यानंतर दीडशे वर्षांनी उघडला. १८९६ च्या सुमारास फ्रान्समध्ये द्राक्षांवर मोरचुदाचे मिश्रण फवारताना जवळची रानमोहरी करपते असे आढळले. धान्याला मात्र अपाय झाला नाही. एकच औषध एका वनस्पतीला मारते आणि दुसरीला सोडते, ह्या शोधात पुढच्या साऱ्या इतिहासाचे बीज आहे.

खरी क्रांती झाली ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. ब्रिटन व अमेरिका ह्या दोन्ही देशांत, युद्धकालीन गुप्ततेच्या पडद्याआड, वनस्पतींच्या वाढीच्या द्रव्यांवर संशोधन चालले होते. त्यातून टू-फोर-डी हे औषध निघाले व १९४५ साली अमेरिकेच्या बाजारात आले. ते वनस्पतीच्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करते. रुंद पानाची झाडे वेडीवाकडी वाढून मरतात. गहू, मका ह्यांसारखी गवताच्या कुळातली पिके सहीसलामत राहतात. त्यानंतर स्वित्झर्लंडमधील बाझल येथल्या गायगी कंपनीने ॲट्राझिन काढले. मक्याच्या झाडात हे औषध निकामी करण्याची उपजत शक्ती आहे, म्हणून ते मक्याच्या शेतात निर्धास्त वापरता येई.

ह्या सर्व औषधांची मर्यादा मात्र एकच होती. पीक आणि तण ह्यांच्यात निसर्गतःच फरक असेल तेथेच ती चालत. गव्हात उगवलेले गवत किंवा सोयाबीनमध्ये उगवलेले रुंद पानाचे तण काढावयाचे, तर शत्रू आणि मित्र एकाच जातकुळीचे. रसायनशास्त्रज्ञ हजारो द्रव्ये तपासत आणि त्यांतून पिकाला सोडणारे एखादे हाती लागे. शेतकऱ्यालाही कोणते औषध पेरणीपूर्वी, कोणते उगवणीपूर्वी, कोणते तण दोन पानांवर असताना, असे वेळापत्रक सांभाळावे लागे. पावसाने चार दिवस दगा दिला की वेळ हुकली. औषध पिकाला शोधण्याऐवजी पीकच औषधाला जुळते करून घेतले तर? हा विचार येथून निघाला.

तणाने दिलेला पहिला धडा

ह्या विचाराला वाट दाखविली ती तणानेच. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातील एका रोपवाटिकेत सुमारे दहा वर्षे सिमाझिन हे ॲट्राझिनचे भावंड फवारले जात होते. १९६८ साली तेथे ग्राउंडसेल नावाचे एक क्षुल्लक तण त्या औषधाला दाद देईनासे झाले. औषधाने तणात हा गुण निर्माण केला, असे मात्र समजू नये. लाखो रोपांत एखादे रोप जन्मतःच निराळे असते. औषध इतरांना मारते, ते एकटे उरते, आणि दुसऱ्या वर्षी शेत त्याच्या संततीचे होते. डार्विनने सांगितलेली निवड येथे फवाऱ्याच्या नळीतून घडत होती.

पुढे कॅनडातल्या क्विबेक प्रांतात मक्याच्या शेतात मोहरीच्या कुळातले असेच एक निगरगट्ट तण सापडले. ग्वेल्फ विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याच्याकडे शत्रू म्हणून न पाहता वधू म्हणून पाहिले. हा गुण आईकडून येतो, म्हणून तणाला माता करून त्यांनी त्याचा संकर तेलबियांच्या पिकाशी केला. पुन्हा पुन्हा केला. १९८४ साली 'ओएसी ट्रायटन' हे वाण बाहेर पडले. ॲट्राझिन फवारले तरी ते मरत नसे. त्यात परके जनुक नव्हते, जुनीच संकराची रीत होती. ह्या गुणाबरोबर उत्पन्नात लक्षणीय घट येई हा त्याचा दोष. तरीही ज्या शेतात तणामुळे पीकच हाती लागत नव्हते, तेथे हा सौदा परवडणारा होता. पुढे ऑस्ट्रेलियात ह्याच गुणाची वाणे मोठ्या प्रमाणावर पसरली.

सांडपाण्यात सापडलेला जीव

आता ज्या औषधाने ह्या कथेला जगभर गाजविले त्याकडे वळू. ग्लायफोसेट हे द्रव्य १९५० साली स्वित्झर्लंडमध्ये आंरी मार्तँ ह्या रसायनशास्त्रज्ञाने तयार केले होते. पण त्याचा उपयोग कोणाला सुचला नाही. वीस वर्षांनी, १९७० साली, अमेरिकेतल्या मोन्सँटो कंपनीत जॉन फ्रान्झ ह्यांना त्याचा तणनाशक गुण आढळला. १९७४ साली ते 'राउंडअप' ह्या नावाने विक्रीस आले. ते नेमके काय करते ह्याचा उलगडा १९८० साली जर्मनीत झाला. वनस्पती व जिवाणू काही आवश्यक अमिनो आम्ले स्वतः तयार करतात. त्या कामातले एक एन्झाइम ग्लायफोसेट बंद पाडते. ती क्रिया प्राण्यांच्या शरीरात होतच नाही, म्हणून जुन्या जहाल औषधांच्या मानाने ते सौम्य समजले गेले.

पण ते सर्व हिरव्या वस्तूंना मारी. उभ्या पिकात ते वापरणे म्हणजे पिकावर नांगर फिरविण्यासारखेच होते. त्याच सुमारास वनस्पतीत परके जनुक घालण्याची विद्या हाती आली. जानेवारी १९८३ मध्ये बेल्जियम व अमेरिकेतल्या तीन गटांनी ती एकाच परिषदेत जाहीर केली. कॅलिफोर्नियातल्या कॅलजीन कंपनीत लुका कोमाय ह्यांनी एका जिवाणूचे बदललेले जनुक तंबाखूत घातले (१९८५). मोन्सँटोत दिलीप शहा व त्यांच्या सहकाऱ्यांनी पेट्यूनियाच्या झाडात तेच एन्झाइम जास्त प्रमाणात तयार करविले (१९८६). झाडे औषध थोडेफार सोसू लागली, परंतु शेतावर चालेल इतकी सहनशक्ती येईना.

उत्तर मिळाले ते प्रयोगशाळेच्या बाहेर. लुइझियाना राज्यात मिसिसिपी नदीकाठी लुलिंग येथे ग्लायफोसेटचा कारखाना होता. त्याच्या सांडपाण्यावर पोसल्या जाणाऱ्या जिवाणूंत सीपी-४ नावाचा एक असा निघाला, की ज्याचे एन्झाइम ग्लायफोसेटला मुळीच जुमानत नव्हते. औषधाने ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या निवडून काढले होते अशांतलाच हा एक! ह्या जनुकाच्या पेटंटावर ज्या संशोधकांची नावे आहेत त्यांत गणेश किशोर हे एक भारतीय नाव आहे. सीपी-४ चे जनुक सोयाबीनमध्ये घातले गेले आणि १९९६ साली 'राउंडअप रेडी' सोयाबीन अमेरिकेत पेरले गेले. पाठोपाठ कॅनोला, कापूस व १९९८ साली मका आला. बेल्जियममधील गेंट येथल्या संशोधकांनी १९८७ सालीच 'बार' नावाचे दुसरे जनुक ग्लुफोसिनेट ह्या औषधासाठी सिद्ध केले होते. त्याचीही पिके निघाली.

मोकळीक आणि तिची किंमत

शेतकऱ्याला ह्यातून काय मिळाले? एका शब्दात सांगावयाचे तर मोकळीक. वेळापत्रकाची गुलामगिरी संपली. पीक उगवू द्यावे, तण दिसू द्यावे, पाऊस उघडला की सवडीने फवारावे. एकच औषध, एकच फवारणी, सगळी तणे खलास. शिवाय तण मारण्यासाठी जमीन नांगरण्याची गरज कमी झाल्याने विनानांगरट शेतीला बळ आले आणि मातीची धूप आवरण्यास मदत झाली. हे लाभ खरे आहेत, आणि विरोधकांनीही ते नाकारू नयेत. अमेरिकेतल्या सोयाबीनखालील क्षेत्रापैकी १९९७ साली १७ टक्क्यांवर तणनाशकसहिष्णु वाण होते. २००१ साली ६८ टक्क्यांवर. २०१४ साली ९४ टक्क्यांवर. लाखो शेतकरी केवळ जाहिरातीला भुलून एखादी गोष्ट वर्षानुवर्षे विकत घेत नाहीत.

किंमतही होती. बियाणे करारावर मिळे. घरचे बी राखून पुन्हा पेरण्यास मनाई. इंडियाना राज्यातल्या एका वृद्ध शेतकऱ्याने धान्याच्या कोठारातून घेतलेले सोयाबीन पेरले आणि ते प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०१३ साली न्यायालयाने एकमताने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. आपल्या देशाने मात्र २००१ च्या कायद्यात शेतकऱ्याचा बी राखण्याचा, पेरण्याचा व देवघेवीचा हक्क मान्य केला आहे.

औषधाच्या निर्धोकपणाविषयीही एकमत राहिले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली ग्लायफोसेट माणसांत बहुधा कर्करोगकारक असल्याचे म्हटले. अमेरिका व युरोपातील नियामक संस्थांनी तो निष्कर्ष मान्य केला नाही. पुढे अमेरिकन न्यायालयांत हजारो दावे दाखल झाले.

तणाचे उत्तर

ह्याहून खोल अशी एक किंमत होती, आणि ती हळूहळू वसूल झाली. १९९७ साली मोन्सँटोच्याच शास्त्रज्ञांनी एका शोधनिबंधात असे प्रतिपादन केले होते, की ग्लायफोसेटला दाद न देणारी तणे शेतात सहजासहजी निपजणार नाहीत. त्यांचा तर्क अगदीच पोरकट नव्हता. इतकी वर्षे औषध वापरले जात होते आणि तसे तण क्वचितच दिसले होते. शिवाय प्रयोगशाळेत असा गुण मिळविताना स्वतः त्यांची किती दमछाक झाली होती! पण ऑस्ट्रेलियात १९९६ सालीच रायग्रास नावाचे गवत ग्लायफोसेटला पुरून उरल्याचे आढळले होते. २००० साली अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात, राउंडअप रेडी सोयाबीनच्याच शेतात, हॉर्सवीड हे तण तसेच निघाले.

आणि मग आले पामर अमरंथ. हे आपल्या राजगिऱ्याचे आणि काटेमाठाचे भाऊबंद. दिवसाला दोन-दोन इंच वाढणारे, एकेका झाडाला लाखो बिया धरणारे हे तण. २००५ च्या सुमारास जॉर्जिया राज्यातल्या कापसात ग्लायफोसेट फवारूनही ते डौलाने उभे राहिले. त्याने केले काय, ते २०१० साली उघड झाले. ज्या एन्झाइमला औषध बंद पाडते त्याचे जनुक ह्या झाडाने आपल्या पेशींत शंभराहूनही अधिक वेळा नकलून ठेवले होते. औषधाने किती एन्झाइमे बंद पाडावीत? शास्त्रज्ञांनी १९८६ साली पेट्यूनियात एन्झाइमचे प्रमाण वाढविण्याची जी युक्ती करून पाहिली होती, तीच ह्या तणाला सृष्टीच्या निवडीने शिकविली.

ह्याचा परिणाम काय झाला? जॉर्जियातल्या ज्या कापूस उत्पादकांनी यंत्र आणि फवारा ह्यांवर भिस्त ठेवली होती, त्यांना पुन्हा शेतात मजूर उतरवून हाताने तण उपटवावे लागले. पन्नास वर्षांचे रसायनशास्त्र आणि पंचवीस वर्षांचे जनुकशास्त्र खर्ची घालून गाडी पुन्हा निंदणीच्या मुक्कामाला आली! आज जगात अडीचशेहून अधिक जातींची तणे कोणत्या ना कोणत्या तणनाशकाला दाद देत नाहीत. त्यांतल्या पन्नासाहून अधिक जातींत ग्लायफोसेटला न जुमानणारी कुळे निघाली आहेत.

कंपन्यांनी दुसरी जनुके आणली. डायकांबा हे जुने औषध सोसणारे सोयाबीन २०१६ साली अमेरिकेत पेरले गेले. हे औषध हवेत उडून शेजारच्या शेतात जाते व ज्याने ते बियाणे घेतलेले नाही त्याच्या पिकाची पाने वाटीसारखी आक्रसतात. २०१७ साली सुमारे ३६ लाख एकर सोयाबीनला अशी झळ लागल्याचा अंदाज मिसूरी विद्यापीठातल्या तज्ज्ञाने दिला. अर्कान्सॉ राज्यात तर २०१६ साली ह्याच तंट्यातून एका शेतकऱ्याचा खून झाला. शेजाऱ्याची मोकळीक आपल्या शेतात कोठवर येऊ द्यावी, हा बांधावरचा जुना तंटा ह्या नव्या रूपात उभा राहिला. औषधाचा वापर मंजूर करणारा आदेश अमेरिकन न्यायालयांनी २०२० मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये रद्द केला.

आपल्या दाराशी

हा इतिहास परदेशाचा म्हणून सोडून देता येत नाही. भाताचेच घ्या. चिखलणी, लावणी आणि बांधात साठविलेले पाणी ही सारी रोपे वाढविण्याची रीत आहे तशीच ती तण बुडविण्याचीही रीत आहे. पाणी व मजुरी वाचविण्यासाठी भात थेट पेरावयाचे, तर तण माजते. त्यावर दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने इमॅझेथापायर हे औषध सोसणारी बासमतीची दोन वाणे २०२१ साली दिली. त्यांत परके जनुक नाही. भाताच्याच जनुकात घडलेला बदल संकराने आणला आहे. अमेरिकेत ह्याच औषधगटाला सोसणारा भात २००२ साली आला, तेव्हा काही वर्षांतच त्याचा संकर लाल दाण्याच्या रानटी भाताशी होऊन तोही औषधाला सरावला. हा इशारा आपल्या भातउत्पादकांच्या कानावर आधीच पडला पाहिजे.

दिल्ली विद्यापीठात दीपक पेंटल व सहकाऱ्यांनी घडविलेल्या संकरित मोहरीत गेंटचे तेच 'बार' जनुक आहे. ते संकर घडविण्यापुरतेच आहे असे निर्माते म्हणतात; ही मागल्या दाराने आलेली तणनाशकसहिष्णुता आहे असे विरोधक म्हणतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारने तिला सशर्त परवानगी दिली. २३ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत परवानगीविषयी मतभेद झाला. राष्ट्रीय धोरण आखावे ह्याविषयी मात्र दोघांचे एकमत झाले.

आणि कापूस? किडीला तोंड देणारा बीटी कापूस आपल्याकडे २००२ साली मंजूर झाला. तणनाशकही सोसणाऱ्या कापसासाठीचा अर्ज कंपनीने २०१६ साली मागे घेतला. बियाणे मात्र थांबले नाही. विदर्भात 'चोर बीटी' ह्या नावाने ते गुपचूप पसरले. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने ते उघडपणे पेरले. असे विनापरवाना बियाणे पेरणे त्या वेळच्या पर्यावरण संरक्षण कायद्याने पाच वर्षांपर्यंत कारावासाला पात्र होते. तरीही शेतकरी जमले. त्यांचे म्हणणे सरळ होते. झडीच्या पावसात आठ-आठ दिवस शेतात पाऊल टाकता येत नाही. उघडीप मिळते तेव्हा गावातल्या सगळ्यांनाच एकदम निंदणाऱ्या बाया हव्या असतात. मजुरी परवडत नाही आणि मिळतही नाही. नगरात बसून ह्या अडचणीला हसणे हा कृतघ्नपणा होईल.

दुसरी बाजूही तितकीच खरी. चोरून घेतलेल्या बियाण्याला पावती नाही, हमी नाही. उगवले नाही तर दाद कोठे मागावयाची? शेजारी तूर, मूग किंवा भाजी असेल तर वाऱ्याने उडालेल्या औषधाचे काय? आणि ज्या बाईची पावसाळ्यातली रोजी निंदणावर चालते, तिच्या हातातले खुरपे गेले तर तिच्या पाठीचे दुःख जाईल, पण त्याबरोबर चूलही थंड पडेल. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेटचा वापर परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित करण्याचा आदेश काढला. परंतु असे परवानाधारक खेड्यापाड्यांत किती, ह्याचा विचार श्रोत्यांनीच करावा.

मग निर्णय काय? इतिहास निर्णय देत नाही, परंतु साक्ष देतो. ह्या साक्षीचा अर्थ मला असा दिसतो. तणनाशकसहिष्णु बियाण्याने शेतकऱ्याला वेळेची मोकळीक दिली ती खरी होती. पण त्या मोकळिकीचे एकाच सवयीत रूपांतर झाले. तेच पीक, तेच औषध, वर्षामागून वर्ष. ज्या ज्या ठिकाणी हे घडले त्या त्या ठिकाणी तणाने वाट काढली. वॉशिंग्टनच्या रोपवाटिकेने १९६८ सालीच हे सांगितले होते. ट्रायटनच्या निर्मात्यांना ते ठाऊक होते, कारण त्यांचे वाण त्याच नियमाचे अपत्य होते. तरीही नफ्याच्या आणि सोयीच्या भरात तो नियम विसरला गेला.

ऑस्ट्रेलियातल्या शेतकऱ्यांना त्याची आठवण लवकर झाली, कारण त्यांचे रायग्रास लवकर बिघडले. तेथे रे हॅरिंग्टन ह्या शेतकऱ्याने कापणीच्या वेळीच तणाचे बी चिरडणारे यंत्र काढले. पीकपालट, निरनिराळी औषधे, बी पडू न देणे, आणि जरूर तेथे नांगर, अशी अनेक पदरी दोरी त्यांनी वळली. आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्याची रीत ह्याहून फार वेगळी नव्हती. उन्हाळ्यात वखरणी, पाळीने कोळपणी, ज्वारीनंतर हरभरा, आणि उरलेल्यासाठी खुरपे. नवे बियाणे ह्या दोरीतला एक पदर म्हणून आले तर त्याचे स्वागत करावे. ते सारी दोरीच होऊ पाहील, तर जॉर्जियाच्या कापूस उत्पादकाला काही वर्षांनी जे दिसले ते आपल्यालाही दिसेल. आणि त्या वेळी निंदावयास बोलाविण्यासाठी गावात कोणी उरलेले नसेल.

तेव्हा बियाणे मंजूर व्हावे की होऊ नये, एवढाच प्रश्न सरकारला विचारून आपण थांबू नये. मंजूर झाल्यास पीकपालटाची अट कोण पाळवील, शेजाऱ्याची भरपाई कोण देईल, निंदणाऱ्या बाईला दुसरे काम कोठे मिळेल, आणि मंजूर न झाल्यास झडीच्या आठवड्यात त्या शेतकऱ्याने काय करावे, हे चार प्रश्न विचारावेत. आपण अंगावर कापूस घालतो आणि ताटात भात घेतो. तेव्हा ते विचारण्याचा आपणांस अधिकार आहे आणि ते आपले कर्तव्यही आहे.